चतुराबाईंचा डबा जहाजावर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि माझं काम काय ते सांगितलं तर तुमच्यातले काही जण दोन पावलं मागे सरतील. सरा. मला वाईट वाटणार नाही. प्रवासात ज्यांना मळमळतं, त्यांच्यासाठी मी असतो. बस वळणावर आली की कुणीतरी घाईघाईने माझं झाकण काढतं, आणि पुढे जे व्हायचं ते माझ्यात होतं.

सुरुवातीला मी असा नव्हतो. माझ्यात वनस्पती तूप होतं आणि अंगावर पिवळाधमक रंग होता. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणी गावात मी आलो तो चतुराबाईंच्या लग्नात, बुंदीच्या तुपाचा डबा म्हणून. लग्न झालं, तूप संपलं, आणि नव्या नवरीने मला घासूनपुसून ठेवून घेतलं. चतुराबाई आणि त्यांचे यजमान पुंडलिकराव भाजीपाला पिकवतात. वांगी, पालक, मेथी आणि सांबार. तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता, त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात. पहिली काही वर्षं माझ्यात हेच सगळं बी असे. आत कोरडं, अंधारं आणि शांत. मला ते आवडत असे.

पण चतुराबाईंना गाडी लागत असे. बैलबंडीत पुढे बसून त्या कितीही लांब जात, काही होत नसे. एस.टी.त पाय ठेवला की मात्र त्यांचा चेहरा ओल्या मातीसारखा होई. एकदा सेलूच्या बाजाराला जाताना बसमध्ये त्यांना आवरलं नाही. शेजारच्या बाईच्या लुगड्यावर उडालं. कंडक्टर बोलला, लोक बोलले, आणि चतुराबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

पुढच्या बाजाराला त्या मला घेऊन तानबाच्या दुकानात गेल्या. तानबा पत्र्याची कामं करायचा. त्याने डाग देऊन मला तारेची कडी लावली.

"पान्यासाठी हाय का बाई?" त्याने विचारलं.

"नाई भाऊ," चतुराबाई म्हणाल्या. "पान्यासाठी नाई."

त्या दिवसापासून माझ्या तळाशी चुलीतली मूठभर राख असे. ही त्यांची स्वतःची युक्ती. राख ओल शोषून घेते, वास दाबते, आणि नंतर डबा घासायलाही तीच उपयोगी पडते. गल्लीतल्या बायकांनी आधी नाकं मुरडली. मग गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जायची गाडी ठरली, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर अर्ध्या गाडीला माझी गरज पडली. तेव्हापासून कुणाचं लग्न असो की सहल, दारात हाक यायची, "चतुराबाई, डबा देजो वं!" मी कडीला लटकत दिमाखाने निघायचो. माझ्याइतकी गावं त्या गल्लीत कुणीच पाहिली नव्हती.

मला टाळणारं एकच माणूस होतं. चतुराबाईंची मुलगी आचल. शाळेत असताना ती बसमध्ये आईपासून दूर, मागच्या सीटवर जाऊन बसायची. "आई, तो डबा नको ना घेऊ. पोट्ट्या हासते," ती म्हणायची. मी तिला दोष देत नाही. त्या वयात आईचा डबाही आपल्याच अंगावरचा डाग वाटतो.

पुढे पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि माझी रवानगी गोठ्यातल्या फळीवर झाली. रंग उडाला. तळाच्या कडेला गंज चढला. मी ऐकण्याचं काम तेवढं करायचो. तिथेच मला कळलं, की आचल स्वयंपाक शिकायला नागपूरला गेली. तिथेच कळलं, की तिच्या प्रमाणपत्राच्या समारंभाला चतुराबाई निघाल्या होत्या, पण पोहोचल्या नाहीत. पिशवी फाटली, साडी भरली, आणि पुंडलिकरावांना पुढे पाठवून त्या वाटेतच उतरल्या आणि परतीच्या बसने घरी आल्या. व्यासपीठावरून आचलने पाहिलं, तेव्हा बाबा टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या संध्याकाळी चतुराबाई गोठ्यात येऊन गाईच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. 

मग आचलला नोकरी लागली ती थेट समुद्रावर. मुंबईहून गोव्याकडे सहलीला जाणाऱ्या एका मोठ्या जहाजाच्या स्वयंपाकघरात. नोकरीत रुळल्यावर एका हिवाळ्यात तिचा फोन आला. पुंडलिकरावांनी आवाज मोठा केला होता, त्यामुळे गोठ्यापर्यंत ऐकू आलं.

"आई, घरच्या लोकायले तिकीट कमी लागते. तू अन् बाबा या. मोठ्या शेफनं माही सांबारवडी काउंटरवर लावतो म्हनलं. पयल्यांदा माह्या हातचं काही लागून राह्यलं. पयला घास तू घेजो."

 चतुराबाई म्हणाल्या, "येईन माय. आता येईनच."

आणि फोन ठेवताच त्यांनी मला फळीवरून खाली काढलं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. जाऊबाई मनकर्णाबाई ओट्यावर येऊन बसल्या. "सेलूले जातानी डबा लागते, अन् निघाली समुद्रावर! तिथं डबा नाई वं बाई, टाकी लागन." सगळ्या हसल्या. चतुराबाईही हसल्या, पण त्यांचा हात माझ्या कडीवर घट्ट झालेला मला जाणवला. तेव्हा मनकर्णाबाईंचाच आवाज उतरला. "माह्यं आयक. जायच्या आदल्या दिवसापासून पोटात काही टाकू नको. पोटात नसन तं येईन कुठून?"

हा सल्ला सगळ्यांना पटला. मलाही पटला. बसच्या प्रवासात चतुराबाईंची हीच रीत होती. उपाशी निघायचं, डोळे मिटायचे, तोंडावर पदर ओढायचा, आणि गाव येईपर्यंत हलायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या होत्या आणि जहाज सुटण्याआधीच एक घ्या असं बजावलं होतं. पण पुंडलिकरावांचा हिशेब वेगळा. "दुखनं नाई अन् औषध काऊन घ्याचं? लागलं तं घेऊ." गोळ्या पिशवीच्या तळाशी गेल्या.

आगगाडीचा प्रवास बरा झाला. चतुराबाई खिडकीशी होत्या. बंदरावर मात्र माझ्यामुळे रांग थांबली. सामान तपासणाऱ्या माणसाने मला यंत्रातून बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि एकदम गंभीर झाला.

"ये राख है?"

"हां साहेब," पुंडलिकराव म्हणाले.

त्याने टोपी सारखी केली. आवाज खाली आणला. "देखिए, दुख की बात है। लेकिन अस्थि-विसर्जन के लिए परमिशन लगती है। जहाज से ऐसे नहीं डाल सकते।"

पुंडलिकराव आधी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग बायकोकडे. "अरे नाई साहेब! चुल्हे की है। ये हमारी बाई को गाडी लगती है ना, उसके लिए." आणि त्यांनी पोटावर हात ठेवून असा अभिनय केला, की मागची रांग सगळी हसली. राख तिथल्या कचऱ्याच्या डब्यात गेली. मी रिकामा होऊन जहाजावर चढलो. चतुराबाई कुणाकडेही न बघता चालत होत्या.

जहाज बंदरात होतं तोवर सगळं ठीक होतं. आचल धावत येऊन भेटली. पांढरा कोट, डोक्यावर पांढरी टोपी. तिने आईला मिठी मारली आणि लगेच कामावर पळाली. मग जहाज भर समुद्रात आलं, वारा वाढला, आणि पायाखालची फरशी हळूहळू डोलायला लागली.

त्यांची खोली जहाजाच्या पुढच्या टोकाकडे होती. खिडकी नव्हती. चतुराबाईंनी आपली नेहमीची रीत धरली. दिवा बंद, डोळे बंद, तोंडावर पदर, पोट उपाशी. आणि मित्रांनो, थोड्याच वेळात त्यांनी मला ओढून घेतलं. त्यानंतरच्या उलट्यांत पोटातून काही येण्यासारखं नव्हतंच. नुसतं कडू पाणी आणि कळ. तेव्हा कुठे पुंडलिकरावांनी गोळी शोधली. ती गिळल्यागिळल्या बाहेर पडली.

त्या वेळी मला एक गोष्ट समजली. पुंडलिकरावांनी मला धुऊन ठेवलं होतं आणि तळाशी थोडं पाणी उरलं होतं. जहाज कललं की मी कलायचो, पण माझ्यातलं पाणी सपाटच राहायला बघायचं. म्हणजे एका बाजूने वर चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. माणसाच्या कानातही, अगदी आत, बारीक वाकड्या नळ्यांमध्ये असंच थोडं पाणी असतं. ते हललं की मेंदूला कळतं, आपण हलतो आहोत. पण बंद खोलीत डोळ्यांना दिसतं, भिंत आहे तिथेच आहे, म्हणजे आपण स्थिर आहोत. कान एक सांगतो, डोळे दुसरं. मेंदू कुणाचं ऐकणार? त्या गोंधळात पोट ढवळून निघतं. यात घाबरटपणा नाही आणि नखराही नाही. ज्याचे कान चांगलं काम करतात, त्यालाही हे होतं.

पण ते मला कळून काय उपयोग? मला बोलता येत नव्हतं.

पुंडलिकरावांना काहीही झालं नाही. ते जेवून आले आणि येताना रुमालात एक गुलाबजाम घेऊन आले. "अवं, थोडा खाऊन तं पाह्य. लय झकास हाय." तो वास येताच चतुराबाईंनी पुन्हा मला जवळ घेतलं.

"आचलले बोलावतो," ते म्हणाले.

"खबरदार!" पदराआडून आवाज आला. "उद्या पोरीची वडी लागनार हाय. माह्यापायी तिचा जीव इकडे राह्यला तं हात चुकन तिचा. तुमाले माही आन हाय."

"अन् तू वडी कशी खाशीन?"

चतुराबाईंनी पदर आणखी खाली ओढला.

सकाळी आचल आली. चतुराबाईंनी तिची चाहूल लागताच मला झाकण लावून पलंगाखाली लोटलं, केस नीट केले आणि उठून बसल्या. पुंडलिकराव भिंतीकडे बघत राहिले.

"आई, जेवली का रात्री?"

"जेवली ना. लय जेवली. वरन, भात, पोळी..."

"अन् गोड काय होतं?"

"गोड..." चतुराबाईंनी पुंडलिकरावांकडे पाहिलं.

त्याच क्षणी जहाज एका मोठ्या लाटेवर चढलं आणि बाजूला कललं. मी पलंगाखाली गुळगुळीत फरशीवर होतो. धरायला काही नव्हतं. खडखडाट करत मी बाहेर आलो, खोलीभर घसरलो आणि आचलच्या बुटांवर जाऊन आदळलो. माझं झाकण गोल गोल फिरत पुंडलिकरावांच्या पायाशी पडलं.

 आचलने खाली पाहिलं. इतक्या वर्षांनी तिने मला ओळखलं. मग ती उकिडवी बसली आणि मला कडी धरून उचललं. बसमध्ये तिने मला कधी बोटही लावलं नव्हतं.

"आई. रात्रभर?"

चतुराबाईंचे डोळे भरून आले. "मी आली ना माय. वाटेतून परत नाई गेली. एवढी तं आली."

"पन मले सांगितलं काऊन नाई?"

"तुह्या कामात मी खोडा कायले घालू?"

आचल त्यांच्याजवळ सरकली. "पयल्या खेपेले मी कशी होती, माहीत हाय का? बटाटे सोलता सोलता तोंडावर हात धरून पळत होती. मोठे शेफ म्हनाले, लपवशील तितकं वाढन. अन् तू काय करून राह्यली? उपाशी, अंधारात, तोंडावर पदर! असं तं चांगला मानूस बिमार पडन." तिने वळून विचारलं, "बाबा, गोळी कवा देली?"

"लागलं तवा."

"लागायच्या आधी द्याची असते ना, बाबा!"

"मले वाटलं, वाया जाईन," पुंडलिकराव हळूच म्हणाले.

आचलने आधी जहाजावरच्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आधीपासून कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. उलटी होत असताना पोटातली गोळी टिकत नाही, म्हणून इंजेक्शन दिलं. थोडी झोप येईल, उठताना आधार घ्या, असं सांगितलं. मग मायलेकी निघाल्या. पुंडलिकराव मागे खांद्यावर शाल घेऊन, आणि त्यांच्या हातात मी.

आचल आईला जहाजाच्या बरोबर मधल्या भागात, खालच्या मजल्यावरच्या उघड्या बाजूला घेऊन गेली. जहाजाची टोकं झोपाळ्यासारखी वरखाली होतात, मधला भाग कमी हलतो. वारा तोंडावर येत होता. चतुराबाईंनी सवयीने पदर ओढला.

"पदर काढ. डोळे उघड."

"चक्कर येईन."

"आई, बंडीत तुले कधी लागलं का? नाई ना? काऊन? तू पुढं बसून रस्ता पाहत होती. बसमध्ये मान खाली घालत होती. तिकडे पाह्य. आभाळ अन् पानी जिथं लागते तिथं. जवळच्या लाटा नको पाहू. फोन नको, वाचनं नको. तेवढी रेघ पाह्य."

चतुराबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"वाफ्याले दोरी लावल्यावानी हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "सरळ."

"हो. ते हालत नाई. आपन हालतो."

आचल कामावर गेली, पण जाताना कोरडा टोस्ट, मीठ लावलेले आल्याचे बारीक तुकडे आणि पाण्याची बाटली ठेवून गेली. घोट घोट प्यायचं, पोट पूर्ण रिकामं ठेवायचं नाही. दुपारपर्यंत चतुराबाईंनी टोस्ट संपवला. मध्ये थोड्या झोपल्या. एकदा त्यांनी माझ्याकडे हात नेला आणि पुन्हा मागे घेतला.

संध्याकाळी चहाच्या वेळी वड्या लागणार होत्या. चतुराबाईंनी नवी साडी नेसली आणि पुंडलिकरावांचा हात धरून जेवणाच्या मोठ्या खोलीपर्यंत गेल्या. दार उघडलं आणि आतून तळणीच्या तेलाचा, मसाल्याचा, गर्दीचा गरम भपकारा आला. त्या तिथेच थांबल्या. समोर, लांब टेबलापलीकडे आचल उभी होती. तिने आईला पाहिलं. चतुराबाईंनी एक पाऊल आत टाकलं. दुसरं त्यांच्याने टाकवेना. ओठ घट्ट मिटून त्या वळल्या आणि भिंतीला धरत परत उघड्यावर आल्या.

"झालं," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "या बी खेपेले झालं."

 पुंडलिकरावांनी मला पुढे केलं. चतुराबाईंनी नको म्हणून मान हलवली आणि दूरच्या रेघेकडे बघत राहिल्या. श्वास आत, श्वास बाहेर.

तेवढ्यात पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. आचल होती. हातात बशी, बशीत एकच वडी, मधोमध कापलेली. तेल टिपून, वाऱ्यावर धरून तिने ती कोमट केली होती.

"आत नाई आली तं काय झालं? अजून कोनाले वाढली नाई मी. लोक थांबले हायेत."

"अवं, तुहे साहेब रागावन ना!"

"त्यायलेच विचारून आली. घे."

चतुराबाईंनी अर्ध्या वडीचा एक कोपरा तोडला. तोंडात ठेवला. हळूहळू चावला. पुंडलिकरावांनी माझं झाकण काढून ठेवलं होतं. आचल आईच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली गेला. समुद्र वर आला, खाली गेला. घास खालीच राहिला.

चतुराबाईंनी दुसरा तुकडा घेतला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं आई? येऊन राह्यलं का?"

"मीठ कमी हाय."

"काय?"

"मीठ कमी. अन् सांबार इतका बारीक काऊन चिरला? दातात यायले पायजे. जा, वाढायच्या आधी पुढच्या घान्यात मीठ टाक. अशीच देशील लोकायले?"

आचल हसायला लागली. हसता हसता तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि आल्या वाटेने धावत सुटली. चतुराबाईंनी बशीत उरलेली वडी सावकाश, सगळी संपवली.

मित्रांनो, आता मी पुन्हा हिंगणीला आलो आहे. गंजलेली कड घासून मला रंग दिला आहे, आणि दाराजवळच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. पुन्हा लोक मला मागून नेतात. चतुराबाई आता डब्याबरोबर चार गोष्टीही सांगतात: थोडं खाऊन निघ, डॉक्टरांची गोळी आधी घे, पुढे बस, लांब पाह्य.

माझं तुमच्याकडे मागणं थोडंसंच आहे. तुमच्या सहलीत, बसमध्ये, बोटीत कुणाचा चेहरा उतरलेला दिसला, तर हसू नका. त्याला खिडकी द्या. त्याला लपवावं लागेल असं काही बोलू नका, कारण लपवणाऱ्याला मदत करता येत नाही. माझ्यासारखा एखादा डबा जवळ असला तर त्याची लाज बाळगू नका. आणि तो जरा सावरला, की त्याच्या हातावर काहीतरी साधं, कोरडं खायला ठेवा. मग तो त्या चवीला नावं ठेवेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.